दसऱ्यानंतरचा वर्ग

ऑक्टोबरचं ऊन तापलेलं. कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत माझ्या पोराला, गणूला आणायला त्याच्या शाळेत गेलो. शाळा फक्त मुलांची, चौथीपर्यंत. खिडकीतून पाहिलं, तर एका बाकावर दोन पोरं दोन टोकांना अंग चोरून बसलेली. मधली जागा, गणू काल म्हणाला होता त्या, तापानं घरी राहिलेल्या मित्राची.

मी तिथंच थिजलो.

आमच्या गावच्या शाळेत बाकं नव्हती, घरून आणलेलं पोतं अंथरायचं. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आणि निम्मा वर्ग आईबापांबरोबर जायचा. उरलेल्यांना गुरुजी दटावायचे, "पसरू नका रे म्हसरांनो! त्यांची जागा ठेवा, पोरं येतील." तिसरीत मीही गेलो. पुन्हा शाळेत आलोच नाही. गुरुजींचे उपकार आठवतात, आणि भीतीही वाटते, की माझ्यासाठी अजून कुणीतरी तिथं अंग चोरून बसलंय.

दिवाळीनंतर आमचं बांधकामाचं काम दुसऱ्या शहरात हलणार आहे. मुकादम सकाळीच म्हणाला, "पोरगं काय, तिकडंबी शिकंल." माझ्या बापालाही कुणीतरी असंच सांगितलं असणार.

गणू धावत आला. "पप्पा, दिवाळीनंतर बाई मला मॉनिटर करणारेत! पोरं आत्तापासून टरकलीत."

तिथंच रस्त्यात उभं राहून मी मुकादमाला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. फोन खिशात टाकला आणि गणूच्या मागं निघालो. तो पुढं चालत, कुणाकुणाला गप्प बसवणार ते सांगत होता.