वाटणीतला ॲम्प्लिफायर

हां, तर काल सोमनाथनं सख्ख्या थोरल्या भावावर, आपल्या बहिरूवर, फावड्याचा दांडा उगारला तिथं थांबलो होतो. भांडण शेतावरून नव्हे बरं, गाणी ऐकायच्या ॲम्प्लिफायरवरून!

बहिरू सातपूरच्या कारखान्यात लेथवर होता. त्याला जन्मभर पुरेल असा ॲम्प्लिफायर हवा होता. कॅसेट न लावता नुसता चालू करायचा, स्पीकरला कान लावायचा आणि जरा घरघर आली की परत करायचा. नाशकातले दुकानदार त्याला बघून शटर ओढायचे. अखेर सत्त्याण्णव साली एक सापडला. घरघर नाही की कुरकुर नाही!

पुढं वाटणी निघाली. एकत्र घर, म्हणून ॲम्प्लिफायरही वाटणीत आला. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही आपली रीत. बहिरूनं हुशारी करून ॲम्प्लिफायर खडकाळ रानाच्या वाट्यात घातला. धाकटा विहिरीचं रान सोडतोय कशाला! पण सोमनाथचाही जीव त्याच यंत्रात अडकलेला. त्यानं खडकाळ रानच उचललं.

सोमनाथ न्यायला आला, तसा बहिरू ॲम्प्लिफायर सोडेना, त्यावर पालथा पडला. दांडा बसला, मनगट काडकन मोडलं. उरल्या हातानं त्यानं वीट हाणून सोमनाथचे दोन दात पाडले. अंगणभर रक्त. मी मधे पडलो तर माझंही डोकं फुटलं, ही बघा खूण!

शेवटी दोघांना धरून बसवलं. मी म्हणालो, "बहिरू, हात मोडून घेतलास, आता तरी सोड."

तो म्हणाला, "आबा, आधी चालू करून बघा. घरघर येत असंल, तर घेऊन जाऊ द्या त्याला."