झाकणाआधीची सही

जावेला आपल्याच कामावर लावून घेतलं ही आपली सगळ्यात मोठी चूक, असं थोरली गेले सहा महिने म्हणत होती. मनातल्या मनात, अर्थात. उघड म्हणायची सोय नव्हती, कारण शब्द तिनेच टाकला होता. सासूबाईंसमोर चहा गाळता गाळता ती म्हणाली होती, "माझ्या शब्दाला तिथे किंमत आहे. धाकटीला घेतील ते." आणि त्यांनी खरंच घेतलं.

तिथे म्हणजे औषधांच्या गोदामातली थंड खोली. इन्सुलिन, लसी, दोन ते आठ अंशांतच राहायला हवं असं जे जे काही, ते इथे थर्माकोलच्या बॉक्समध्ये भरलं जायचं. थंड ठेवायचं म्हणजे बर्फात घालायचं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. कुणी तसं बोललं की थोरली उसळायची. "घाला बर्फात, आणि पेशंटला पाणी टोचा!" गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पुष्कळदा पहिल्यासारखंच दिसतं, पण आतून मेलेलं असतं. म्हणून फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक लगेच भरायचे नसतात. ते टेबलावर पसरायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, आतला बर्फ सुटून पाणी हलायला लागलं की मगच औषधाच्या खोक्याभोवती रचायचे. थोरली प्रत्येक पॅक कानाशी नेऊन हलवायची. एकोणीस वर्षं झाली होती. बोटांची टोकं बारा महिने फुटलेली, स्वेटर भर उन्हाळ्यातही अंगावर, पण तिच्या कानाने पास केलेला बॉक्स कधी परत आला नव्हता. ती सुट्टीवर असली की खोलीतल्या मॅडम म्हणायच्या, "आज आपला कान आलेला नाही, जरा जपून."

धाकटी आली आणि दोन महिन्यांत मॅडम वेगळंच म्हणायला लागल्या. "हिचा बॉक्स बघा." कोपरे कसे बसलेत बघा, पुठ्ठा कसा सरळ आहे बघा. बाहेरून तपासणीला कुणी आलं की धाकटीचाच बॉक्स उघडून दाखवायचा. मॅडम दिवसातून किती वेळा 'छान' म्हणतात हे थोरली मोजायला लागली. एका मंगळवारी सात भरले. त्यातला तिच्या वाट्याला एक, तोही तिच्या नव्या चपलांबद्दल.

घरी गेलं तरी सुटका नव्हती. दोघी एकाच बसने परत जायच्या, एकाच दारातून आत शिरायच्या. सासूबाई विचारायच्या, "दमलीस का गं?" आणि बघायच्या धाकटीकडे.

अशात बातमी आली की खोलीत एक नवी जागा होणार. झाकण लावण्याआधी प्रत्येक बॉक्स तपासायचा आणि कागदावर सही करायची. ती सही असल्याशिवाय बॉक्स दाराबाहेर जाणार नाही. थोरलीने ही सही घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गिरवून पाहिली. शेवटी एक रेघ मारली, मग दोन मारल्या. दोनच चांगल्या दिसत होत्या.

"जागा तुमच्यापैकीच कुणाला तरी," मॅडम म्हणाल्या आणि दोघी जावांकडे पाहिलं. खोलीतली तिसरी बाई म्हणजे टेपवाली. ती झाकणांना टेप मारायची, लेबलं चिकटवायची आणि पावणेपाचला पर्स खांद्याला लावून उभी राहायची. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. तिनेही कुणाकडे पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात नव्या जातीचे आइसपॅक आले. जाडजूड, निळे, आत पाण्याऐवजी जेल. थोरलीने एक कानाशी नेला, हलवला. आवाज नाही. दुसरा हलवला. आवाज नाही. एकोणीस वर्षांचा कान एका दुपारीत बिनकामाचा झाला.

मॅडमनी तिलाच सांगितलं, "हे किती वेळ बाहेर ठेवायचे ते बघून मला सांगा, कागदावर चढवू." थोरलीने तीन दिवस डब्याच्या सुट्टीत घड्याळ समोर ठेवून पॅक अंगठ्याने दाबले. कडा लवकर मऊ पडतात, पण मधे बराच वेळ दगड राहतो. तो दगड विरघळायला पन्नास मिनिटं लागतात. आकडा हातात आला, पण तिने तो सांगितला नाही. जागेचा निर्णय होईल त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगू, असं तिने ठरवलं.

गुरुवारी मॅडम मीटिंगला गेल्या आणि जुने पॅक संपले. गाडी चार वाजता येणार होती. बारा बॉक्स इन्सुलिन, भरायची पाळी धाकटीची.

"ताई, हे निळे किती वेळ ठेवायचे?" धाकटीने टेबलापलीकडून विचारलं. "तुम्ही बघत होतात ना?"

थोरलीच्या तोंडून निघालं, "पंचवीस मिनिटं."

"पुरतील?"

"मला विचारलंस ना? मग पंचवीस."

टेपवालीने टेप ओढला. कर्र.

आता बॉक्स पोचल्यावर आतलं तापमान नोंदणारं छोटं यंत्र दाखवणारच, की तापमान शून्याखाली गेलं होतं. माल फेकला जाईल, धाकटीला बोलावणं येईल. कुणाचं काही बिघडणार नाही. थोरलीने स्वतःला हे चार वेळा सांगितलं आणि समोरची लेबलं नीट लावत बसली. सरळ होती ती लेबलंही तिने नीट केली. पण यंत्र नुसतं नोंद ठेवतं, ती वाचायला माणूस लागतं. यातले सहा बॉक्स लहानसहान दुकानांत जायचे होते. तिथे मालाची गाडी दारात आली की आधी माल फ्रीजमध्ये जातो, यंत्राकडे बघायचं ते सवडीने. आणि तोवर कुणीतरी आपल्या आईसाठी बाटली घेऊन गेलेलं असतं.

शेवटच्या बॉक्सवर टेप चढत होता तेव्हा ती उठली.

"थांबा. उघडा सगळे."

"आं? नुकती नखं तुटली माझी," टेपवाली म्हणाली.

"उघड म्हणते ना!" थोरलीने पहिल्या बॉक्समधला पॅक काढून धाकटीच्या हातात दिला. "मधे दाब. दगड आहे की नाही?"

धाकटीने दाबलं. मग थोरलीकडे पाहिलं.

बॉक्स भरून दहा-पंधरा मिनिटंच झाली होती. यंत्रं अजून चार अंश दाखवत होती, औषध वाचलं. सगळे बारा पुन्हा भरले, गाडी तासभर खोळंबली. गाडी खोळंबली की अहवाल लिहावा लागतो, म्हणून मॅडम मीटिंग सोडून आल्या.

"पंचवीस मिनिटं कुणी सांगितली?"

थोरलीने समोरचं सरळ लेबल पुन्हा सरळ केलं.

"मला वाटलं, पुरतील," धाकटी म्हणाली.

मॅडमनी तिच्यावर आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी 'छान'ही म्हटलं नाही. थोरलीला म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून निभावलं. उद्यापासून सही तुमची."

जे हवं होतं ते मिळालं. घरी धाकटीनेच सगळ्यांना सांगितलं, "आज ताईंनी सांभाळून घेतलं मला, नाहीतर काही खरं नव्हतं." सासूबाई म्हणाल्या, "किती मोकळ्या मनाची गं तू!" म्हणजे सांभाळलं थोरलीने आणि मन मोठं धाकटीचं.

भांडी आवरताना थोरलीने विचारलंच. "मॅडमना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तुमची एकोणीस वर्षं आणि माझे आठ महिने. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मीच खोटी पडले असते." धाकटीने कढई पालथी घातली. "शिवाय घरात कशाला वितुष्ट. मी सोडून दिलं."

सोडून दिलं! थोरलीला वाटलं, हिने दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. आता ही रोज समोर बसणार, रोज माफ केल्यासारखी हसणार. सहीची जागा मिळाली, आणि त्याच क्षणी मोठेपणाची जागा हिने पटकावली.

सकाळी मॅडमनी अहवाल पुढे केला. नव्या जागेवरची पहिली सही. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पॅकिंग करणाऱ्या व्यक्तीने वेळ मनाने ठरवली.' खाली धाकटीची सही झालेली होती, शांत, गोल अक्षरात. असे तीन अहवाल झाले की थंड खोलीतून बदली होते, हे तिघींनाही ठाऊक होतं.

थोरलीने पेन उघडलं. इथल्या कागदावर खाडाखोड चालत नाही. चुकलं तर खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी बरोबर काय ते लिहून सही-तारीख घालायची. तिने पट्टी घेतली आणि कारणावर सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'वेळ मी सांगितली. खरी वेळ पन्नास मिनिटं. मला माहीत होती.' सही केली. खाली दोन रेघा मारल्या.

हे तिने चांगुलपणाने केलं असं कुणी समजू नये. धाकटी वरचढ ठरलेली तिला बघवत नव्हती, एवढंच.

मॅडमनी वाचलं. चष्मा काढला. पुन्हा घालून वाचलं. "ऐकलं होतंत का तुम्ही?" त्यांनी टेपवालीला विचारलं.

"ऐकलं ना. पंचवीस म्हणाल्या."

"मग काल बोलला का नाहीत?"

"मला कुठे विचारलंत?"

मॅडम बाहेर गेल्यावर धाकटी फणकारली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "काय गरज होती? मी निस्तरलं होतं ना सगळं! त्यातही तुमचाच नंबर पहिला हवा का?"

"हो, हवा!"

"मग बसा घेऊन!"

थोरलीला बरं वाटलं. हे असं बोलणं तिला समजत होतं.

थोरलीला लेखी ताकीद मिळाली, आणि सहा महिने कुठल्याही कागदावर सही नाही. धाकटीलाही जागा मिळाली नाही. तिने खरं लपवलं, हे मॅडमच्या लेखी पंचवीस मिनिटांइतकंच वाईट होतं. "तुमच्या घरातलं राजकारण माझ्या खोलीत नको," त्या म्हणाल्या, आणि सोमवारपासून सहीचं पेन टेपवालीला दिलं.

टेपवालीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. पण पॅक मधे दाबल्याशिवाय ती सही करेना. एक बॉक्स तिने धाकटीला परत केला, दोन थोरलीला. दुसरा परत करताना वर म्हणाली, "घाई करू नका हं."

त्या संध्याकाळी बसमध्ये दोघींना एकाच बाकावर जागा मिळाली.

"पाहिलीत सही?" धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"सही कसली ती. झुरळ शाईत पडून पळाल्यासारखी."

"आणि मला विचारते, पुठ्ठा का वाकडा. मला!"

"मला म्हणाली घाई करू नका. ही इथे लागली तेव्हा हिला टेपचं टोक सापडत नव्हतं."

"अजून सापडत नाही, ताई. दातांनी काढते."

थोरली हसली. मग धाकटीकडे जरा सरकून, आवाज खाली आणून म्हणाली, "आणि पावणेपाचचं काय? आता पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत थांबते, पाहिलंस का?"

"पाहिलं तर!" धाकटीने पर्स मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली. "मी तर रोज बघतेय."