बिब्ब्याचा डाग

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत मेलॅनोमाच्या पेशी पाहत होतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. दोन औषधं एकत्र देऊन त्या पेशींना मरायला लावायचं, हेच आमचं काम. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्या छान मरत होत्या... आणि दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात त्याच रोगानं आत्या गेली. दीड महिना झाला, अजून सूक्ष्मदर्शकापुढच्या खुर्चीत नीट बसवत नाही.

आई माझ्या लहानपणीच गेली, वाढवलं आत्यानं. पायात काटा रुतला की ती देवळीतला, सुई टोचून ठेवलेला बिब्बा काढायची, दिव्यावर धरायची आणि त्याचं तापलेलं तेल तळव्याला लावायची. मी बोंबलायचो. "चूप बस! पाय पिकला तं कोण निस्तरंल?" मग काळा डाग पडायचा आणि काही दिवसांनी कातडीसोबत निघून जायचा. गावात असा डाग कोणाच्या पायाला नाही? त्याच्याकडे कोणी पाहतसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती बाजेवर पाय पसरून बसली होती. टाचेजवळ काळा डाग होता. "काटा रुतलता, बिब्बा लावला," ती म्हणाली. होळीला पाय चेपताना डाग तिथंच होता, थोडा पसरलेला. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, मजूर परवडत नव्हते, उरलेला कापूस ती स्वतःच वेचत होती. मला वाटलं, पुन्हा काटा, पुन्हा बिब्बा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कळलं तोवर रोग फुप्फुसात गेला होता. मी तिला पुण्याला आणलं, दोन औषधांच्या चाचणीत घेतलं. एका औषधानं पेशी दबते, पण पळवाट शोधते, दोन्ही वाटा अडवल्या की आपोआप मरते, असं मी समजावलं.

"म्हंजे एका बैलानं वखर चालत नाही."

"तसंच, आत्या."

"मंग जुंप ना! वाट कोनाची पाहून राह्यला?"

गाठी ओसरल्या... मग पुन्हा वाढल्या. काचेच्या बशीतलं माणसात होतंच असं नाही. गावी परतताना तिनं विचारलं, "बापू, हे पयलेच समजलं असतं तं?"

"तेव्हाही कठीणच होतं गं," मी खोटं बोललो.

"मंग ठीक हाये. नाही तं तुले जन्मभर लागलं असतं."

तिला सगळं कळलं होतं, असंच मला वाटतं.

तेरवीनंतर तिच्या सुनेच्या, सुमनच्या, पायात काटा रुतला. तिनं देवळीतला तोच बिब्बा काढला. "थांब, आधी पाय दाखव," मी म्हणालो. काट्याशिवाय काही नव्हतं. मग मीच बिब्बा दिव्यावर धरला.

काल तिला फोन करून विचारलं, "डाग गेला काय?"

"गेला ना भाऊजी, कधीचाच. येवढ्यासाठी फोन केला?"

हो, एवढ्यासाठीच. होळीला बाजेजवळ बसून मी दिवाळीच्या डागाबद्दल एवढंच विचारायला हवं होतं.