व्हेनिसचे पूल, हार्बरफ्रंटचे जिने

"यात पूल किती आहेत?" मालतीबाईंनी विचारलं.

मी प्रोजेक्टरशेजारी लेझर पॉइंटर धरून उभी होते. पडद्यावर व्हेनिसचा नकाशा होता आणि त्यावर आमच्या ऑफिसने आखलेली लाल रेघ. समोर सिंगापुरातल्या मराठी ज्येष्ठांचा ग्रुप बसला होता. मुलं इथल्या बँकांत नोकरीला, म्हणून पुणं-मुंबई सोडून आलेली ही मंडळी. जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये ती अधूनमधून जमायची. या वेळी सगळ्यांनी मिळून व्हेनिस बघायचं ठरवलं होतं, आणि त्यांच्यासाठी खास गाइड बनवायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं.

"असतील सात-आठ," मी म्हणाले.

"असतील नको. मोजून सांग."

मालतीबाई पुण्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळा ग्रुप त्यांना 'बाई'च म्हणायचा. मीही म्हणायला लागले. त्या आवाजापुढे दुसरं काही तोंडातून निघतच नसे. मी मुकाट्याने "मोजून सांगते, बाई" म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या मुलाचा, शेखरचा, फोन आला. तो रॅफल्स प्लेसला एका बँकेत होता.

"नीलिमाताई, स्पष्टच बोलतो. आईला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. आमच्या ब्लॉकची लिफ्ट बंद पडली तर ती खाली उतरत नाही, आणि तुम्ही गाइडमध्ये 'ईझी वॉक' लिहिलंय. ईझी कोणाला?"

"अहो, व्हेनिस सपाट शहर आहे."

"मग ते लेखी द्या. नाहीतर मी तिचं नाव काढून घेतो."

मला राग आला. पण राग आला की मी कामाला लागते, ही माझी चांगली खोड आहे. मी नकाशा उघडला आणि पूल मोजायला बसले.

इथे थोडं आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. हे सगळं दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. आमची कंपनी हार्बरफ्रंटला होती, फेरीबोटींच्या टर्मिनलपासून जवळच. जगभरच्या शहरांची छोटी गाइड आम्ही बनवायचो. मी 'वॉक्स एडिटर' होते. म्हणजे पाहुण्याने कुठून निघायचं, कुठे वळायचं, काय बघायचं, कुठे बसून कॉफी प्यायची, हा पायी रस्ता आखायचा. प्रत्येक रस्त्याला एक दर्जा द्यायचा: ईझी, मॉडरेट नाहीतर डिमांडिंग. तो ठरायचा दोनच गोष्टींवरून. अंतर किती आणि चढ किती. चढ आम्ही उंचीच्या नकाशावरून घ्यायचो. आता व्हेनिस समुद्राच्या पातळीला टेकलेलं. चढ शून्य. त्यामुळे व्हेनिसचे सगळे रस्ते आपोआप ईझी. फक्त आमच्याकडेच नाही, इतर कंपन्यांच्या पुस्तकांतही तसंच.

पण व्हेनिस म्हणजे शंभराहून जास्त छोटी बेटं, आणि ती पुलांनी जोडलेली. पुलाखालून बोटी जायच्या म्हणून प्रत्येक पूल कमानीचा. कमान म्हणजे पायऱ्या, आधी चढायच्या आणि मग उतरायच्या. उंचीच्या नकाशावर हे काहीच दिसत नाही. आमच्या नकाशावर पूल म्हणजे पाण्यावरची केसाएवढी पांढरी फट. मी भिंग घेऊन एकेक फट मोजत गेले. एका दिवसाच्या त्या 'ईझी' रस्त्यावर मोजता मोजता मी विसाच्या पुढे गेले आणि पेन खाली ठेवलं. शेखरचं बरोबर होतं. हे फार झोंबलं.

मग एक विचार सुचला आणि मी खुर्चीतून उठलेच. आम्ही शहर रंगवायचो ते वॉर्डांप्रमाणे. त्याऐवजी बेटांप्रमाणे रंगवलं तर? एकही पूल न ओलांडता जिथपर्यंत चालता येतं तेवढा तुकडा एका रंगाचा. आणि त्यावर वापोरेत्तोचे, म्हणजे तिथल्या पाण्यावरच्या बसचे, स्टॉप टाकायचे. आमचा नकाशे काढणारा फैझल शेजारीच बसायचा. त्याला मी हाताला धरून माझ्या टेबलापाशी आणलं.

दोन दिवस आम्ही दोघं जेवणही टेबलावरच उरकत होतो. नकाशा गोधडीसारखा रंगीबेरंगी होत गेला, आणि त्यातून एक दुसरंच व्हेनिस वर आलं. वाल्लारेस्सोच्या स्टॉपवर उतरलं की सॅन मार्कोच्या चौकात जाईपर्यंत एकही पूल नाही! सॅन तोमाला उतरलं की फ्रारीचं मोठं चर्च, एकही पूल नाही! सालूतेच्या चर्चची पायरी तर स्टॉपच्या समोरच. प्रत्येक वेळी मी ओरडायचे, "झीरो!" आणि फैझल टेबलावर थाप मारून त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायचा, "वाह, दिस वन ऑल्सो कॅन!" ऑफिसातले लोक उठून बघायला येऊ लागले. इतकी वर्षं हे शहर मी कागदावर चालत होते, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

शेवटी आमच्या बॉस मिस लिम आल्या.

"व्हाय यू टच द मॅप? द मॅप इज फायनल लाह."

"मॅम, या ग्रुपमधल्या एका बाईंना पूल चढता येत नाहीत."

"वन पर्सन?"

"वन पर्सन."

त्यांनी भिंग उचलून दोन-तीन स्टॉप पाहिले. मग म्हणाल्या, "फ्रायडे. आफ्टर दॅट, प्रिंटिंग."

त्याच संध्याकाळी नवा नकाशा गुंडाळून मी मालतीबाईंच्या फ्लॅटवर गेले. शेखरही घरी आला होता. मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि अगदी रंगात येऊन सगळा दिवस समजावून सांगितला. बोटीत बसायचं, उतरायचं, सपाट चालायचं, परत बोटीत. दिवसभरात एकही पूल नाही.

शेखरचा चेहरा खुलला. "हे मस्त आहे. आता माझी काही हरकत नाही."

मालतीबाईंनी चष्मा काढला.

"पूल टाळून व्हेनिस? म्हणजे पाक टाळून जिलबी. अगं नीलिमा, जन्मभर पोरींना कमानी काढायला शिकवल्या. कमान पायाखाली कशी लागते ते मला बघायचंय. मला रिआल्टोवर उभं राहायचंय. तेवढा एक पूल घाल, बाकी तू म्हणशील तसं. आणि तो नसेल तर मी येत नाही. माझ्या जागी दुसऱ्या कोणाला तरी न्या."

"आई, हट्ट करू नकोस," शेखर म्हणाला. "चढलीस आणि वरच अडकलीस तर परक्या गावात कोण उचलणार तुला?"

"तू ये उचलायला."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. रिआल्टो हा तिथल्या मोठ्या कालव्यावरचा सगळ्यात जुना पूल, आणि सगळ्यात उंच पुलांपैकी एक. फोटोत तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण गुडघे गेलेल्या बाईंना तो जमेल का, हे फोटो सांगत नाही.

"ट्रायल घेऊ," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं आणि मग पटलंही. "आमच्या ऑफिससमोर रस्ता ओलांडायला जिन्यांचा ओव्हरहेड ब्रिज आहे. रिआल्टो त्यापेक्षा थोडाच उंच आहे, आणि त्याच्या पायऱ्या रुंद नि बुटक्या आहेत. इथला जमला तर तिथला जमेल."

"आणि नाही जमला तर नाव रद्द," शेखर म्हणाला. "आई, कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा परत लावला आणि मला विचारलं, "बूट कसले घालू?"

ट्रायल खोटी व्हायला नको म्हणून मी पूर्ण दिवसच मांडला. वापोरेत्तोच्या जागी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो. सॅन मार्कोचा चौक म्हणजे हार्बरफ्रंटच्या मॉलला एक पूर्ण फेरी. फ्रारीचं चर्च म्हणजे फेरी टर्मिनलपर्यंत जाऊन परत. मध्ये एका हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, कोपी, इथली कॉफी. मालतीबाई पांढरे कॅनव्हास बूट आणि नऊवारीला शोभेल असा ताठा घेऊन आल्या होत्या. साडी पाचवारीच होती. शेखर मागून पाण्याची बाटली घेऊन. ग्रुपमधल्या दोघी बायकाही 'सहज' म्हणून आल्या होत्या. बाई दमतच नव्हत्या. उलट मीच घामाघूम झाले होते.

मग ब्रिज आला.

चढताना त्यांनी कठडा धरला आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, अर्ध्यावर थोडं थांबत, वर पोचल्या. वर गेल्यावर वारा होता, खालून गाड्या जात होत्या. "जमलं!" मी टाळ्याच वाजवल्या. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, पलीकडच्या जिन्याशी गेल्या, पहिली पायरी उतरल्या आणि थांबल्या.

त्यांचा कठड्यावरचा हात पांढरा पडला होता. दुसरी पायरी त्यांनी उतरायचा प्रयत्न केला आणि पाय परत वर घेतला.

"झालं?" शेखर हळूच म्हणाला. आवाजात जिंकल्याचा भाव मुळीच नव्हता. त्याला वाईटच वाटलं होतं. "चल आई. मी धरतो. पुरे आता."

चढण्याचा विचार मी केला होता. गुडघेदुखी उतरताना जास्त छळते, हे माझ्या गावीही नव्हतं. आणि पूल म्हटला की जेवढं चढायचं तेवढंच उतरायचं. ते मी कोणत्या रंगाने रंगवणार होते?

मालतीबाई मात्र खाली बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "शेखर, गॅदरिंगला स्टेजचा पडदा रंगवायचे तेव्हा शिडीवरून कशी उतरायचे मी?"

"कशी म्हणजे?"

"तोंड पुढे करून का?"

आणि त्या चक्क वळल्या. पाठ जिन्याकडे, तोंड आमच्याकडे. दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एक पाय मागे, खालच्या पायरीवर टाकला. मग दुसरा. चेहरा बदलला. "अगं, दुखत नाहीये," त्या म्हणाल्या, आणि पुढची पायरी. आणि पुढची. शेखर घाईने त्यांना ओलांडून खाली गेला आणि हात पसरून उभा राहिला. मी बाईंच्या शेजारून उतरत होते. खालून एक चिनी काकू भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. त्या दचकून थांबल्या.

"आंटी, राँग वे लाह!"

"राइट वे, राइट वे!" बाई मागे न बघता म्हणाल्या.

शेवटच्या पायरीवरून फुटपाथला पाय लागला तेव्हा मी ओरडलेच. शेखर हसत होता आणि डोळेही पुसत होता. त्या गोंधळात मी वर पाहिलं, तर सहज आलेल्या त्या दोघी बायका हळूच वळून तशाच उलट्या उतरत होत्या. गुडघे त्यांचेही दुखत होते. त्या फक्त बोलल्या नव्हत्या.

ऑफिसात परतल्या परतल्या मी रिआल्टोचे सगळे फोटो काढून बसले. त्या पुलावर तीन रांगांत जिने आहेत. मधला दुकानांच्या मधून जातो. कडेच्या दोन्ही जिन्यांना मात्र दगडी कठडा आहे, थेट खालपर्यंत. मी गाइडमध्ये लिहिलं: कडेच्या जिन्याने जा, कठडा धरा, गुडघे दुखत असतील तर उतरताना पाठ उताराकडे करून उतरा आणि कुणी हसलं तर हसू द्या. 'ईझी' काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं, 'पूल: एक'. मिस लिमनी ते वाचलं आणि सही केली. जाता जाता म्हणाल्या, "माय मदर ऑल्सो, द नी."

ग्रुप व्हेनिसला गेला. शेखरही रजा काढून गेला. मी ऑफिसात बसून त्यांच्या दिवसाचा माग मनातल्या मनात काढत होते. आता सॅन मार्को. आता बोट. आता रिआल्टो. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"नीलिमाताई, आई पुलावर आहे," शेखर म्हणाला. मागे प्रचंड गलका होता. "आणि ती खाली येत नाहीये."

"गुडघे?"

"गुडघे कसले! कठड्याला टेकून चित्र काढतेय. बाकीचे सगळे उलटे उतरून केव्हाचे खाली उभे आहेत. एका जपानी ग्रुपने त्यांचे फोटोसुद्धा काढले. तुमच्या गाइडमध्ये इथे किती वेळ दिलाय?"

"वीस मिनिटं."

"तास होऊन गेला. मी हाक मारली तर म्हणते, मी जन्मभर वाट पाहिली, तुम्ही थोडी बघा. काय करू?"

"खाली कॉफीचं दुकान आहे," मी म्हणाले. "सगळ्यांना घेऊन बसा."

फोन ठेवला आणि मी इतकी हसले की फैझल विचारायला आला, काय झालं.

माणूस कुठे दमेल ते आखता येतं. कुठे रमेल ते येत नाही. आमच्या नेहमीच्या व्हेनिस गाइडच्या पुढच्या आवृत्तीत रिआल्टोसमोरची वेळेची जागा मी कोरी सोडली. मिस लिमनी प्रूफवर बोट ठेवून विचारलं, "प्रिंटिंग मिस्टेक, आह?"

"नो, मॅम," मी म्हणाले.