वर्षाचा मसाला

वाकोल्यात झेरॉक्सच्या दुकानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत एक इस्टेट एजंट बसतो. त्याच्यासमोर माझा आवाज अजूनही आपोआप खाली येतो. घर बघायला आला की टेप काढत नाही. थेट स्वयंपाकघरात जाऊन पाणी मागतो. प्रत्येक वाक्याला "काय?" जोडतो, पण उत्तरासाठी थांबत नाही.

बाबा गेल्याला सहा महिने झाले, तेव्हा आई म्हणाली, "घर विकून टाका." आम्ही दोघा भावांनी त्याला बोलावलं. पाणी पिता पिता त्याची नजर फळीवरच्या बरणीवर गेली.

"मावशी, मसाला यंदाचा?"

"होय. मे महिन्यात कुटून घेतलंय. पाच किलो."

त्याने पेला विसळून पालथा घातला. जिन्यात आम्हाला म्हणाला, "एकट्या बाईने वर्षाचा मसाला भरलाय. आत्ता नाय विकायचं, काय?" आणि गेला. मी चिडलोच. हातचं गिऱ्हाईक सोडणारा एजंट मी पाहिला नव्हता.

पुढच्या मे महिन्यात मी आईला विचारलं, "मिरच्या कधी आणू?"

आई रिकामी बरणी पुसत होती. म्हणाली, "औंदा मसालो नको. तेका बोलव."