एका स्टेशनापलीकडचा मुक्काम

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, कशावर तरी नाराज झालेले पाहिलेत असं सांगणारा माणूस अख्ख्या अंबरनाथमध्ये सापडायचा नाही. इतरांना आनंद व्हायला काहीतरी चांगलं घडावं लागतं; काकांना नुसतं काहीतरी घडलं तरी पुरतं. कुळगावला आमच्या बिल्डिंगची लिफ्ट एकदा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आणि काका पाऊण तास आत. आम्ही बाहेर घामाघूम. दार उघडलं तेव्हा हे प्रसन्न चेहऱ्याने उतरले आणि म्हणाले, "लिफ्टमागची भिंत एरवी कोण बघतो सांग? प्लास्टर एक नंबर केलंय हां बिल्डरने!" जन्मभर कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले तरी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी अजून स्क्रूड्रायव्हर असतो. लग्नाच्या हॉलमध्ये खुर्ची डुगडुगली तर ते बदलून घेत नाहीत, उलटी करून आवळतात, आणि मग शेजाऱ्यालाही म्हणतात, "जरा उठता का?" आमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या व्हिडिओत नवरीकडची पहिली रांग सबंध वेळ उभीच का आहे, हे फक्त आम्हालाच ठाऊक आहे.

तर या माणसाने गेल्या थंडीत जाहीर केलं, की लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून ते मावशीला घेऊन दोन दिवस हॉटेलात राहणार. कुठे? उल्हासनगरला. अंबरनाथ पश्चिमेच्या त्यांच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं.

मावशी हादरलीच. "अहो, तिथे आपण ब्लाउजपीस आणायला जातो. राहायला कोण जातं?"

"लांब गेलं की निम्मी हौस प्रवासातच जिरते," काका म्हणाले. "इथे पोचलो की लगेच मजा चालू!"

खरं कारण त्यांनी मला रिक्षा शोधताना सांगितलं. मावशी पंचवीस वर्षं एका नर्सिंग होममध्ये आयाबाई होती, वर्षापूर्वीच तिने काम सोडलं. "किती पेशंटांच्या खाली तिने चादरी घातल्या, मोजदाद नाही," काका म्हणाले. "घरी आली की परत आमच्या सगळ्यांच्या. तिची चादर कधी कोणी घातलीय का रे? दोन दिवस तरी घालू दे की कोणीतरी!"

पहिल्या दिवशी मी त्यांना सोडायला गेलो आणि खरोखर थक्क झालो. काउंटरवरचे सिंधी मॅनेजर "आओ अंकल, आओ आंटी" करत स्वतः खोलीपर्यंत आले. पांढऱ्याशुभ्र पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले. काकांनी टाळीच वाजवली. "हंस! अगं, टॉवेलचे हंस!" लगेच तीन नातेवाइकांना व्हिडिओ कॉल लावून त्यांनी हंस सर्व बाजूंनी दाखवले. मावशीने मात्र आधी गादीचा कोपरा उचलून पाहिला आणि म्हणाली, "चादर ताणून घातलीय बाई." तिच्याकडून ही म्हणजे सुवर्णपदकाची शिफारस. पण हंस मोडवेनात, म्हणून दोघांनी अंग पुसलं ते घरून आणलेल्या पंच्याने. संध्याकाळी एक चहा मागितला तर तीन आले, काकांनी तिन्ही प्यायले आणि मला फोन करून सांगितलं, "याला म्हणतात सर्व्हिस!" रात्री सिंधी कढी इतकी झकास निघाली, की आचाऱ्याशी हात मिळवायला हे थेट भटारखान्यात.

दुसऱ्या दिवशी त्याच हॉटेलला कोणाची दृष्ट लागली कोण जाणे. गरम पाणी नाही, हंस सोडले तर टॉवेल नाहीत, कचऱ्याचा डबा कालचाच. नऊ नंबर फिरवला की रूम सर्व्हिस लागते असं कार्डावर लिहिलेलं, पण फोन लागला शेजारच्या खोलीत. तिथे कापड खरेदीला आलेले एक गृहस्थ होते, तेही टॉवेलचीच वाट बघत होते. काकांनी त्यांच्याशी पंधरा मिनिटं गप्पा मारल्या. मग गळका फ्लश स्वतःच दुरुस्त केला आणि मला कळवलं, "एकदम घरच्यासारखं वाटतंय रे!"

अकराच्या सुमारास मी पोचलो, तेव्हा काका चहाच्या शोधात खाली गेले होते आणि मावशी पदर खोचून खोली झाडत होती. दारात हॉटेलची साफसफाईवाली बाई स्वच्छ चादरींचा गठ्ठा घेऊन उभी. बदलापूरच्या पुढच्या गावातून यायची. बाकीच्या दोघी आल्याच नव्हत्या, तीन मजले हिच्या एकटीवर. मावशीने तिच्या हातातली चादर काढून घेतली. "तू वरचा मजला उरक गं. ही खोली मी करते. माझ्या हातचा मळ आहे."

तेवढ्यात काका चहाचे कप घेऊन आले. पलंगावर वाकलेली मावशी त्यांनी पाहिली, आणि त्यांचा चेहरा पडला. मी पहिल्यांदाच पाहत होतो. कप माझ्या हातात देऊन ते तरातरा खाली गेले, मी सांडत-लवंडत मागे.

"अंकल, आज स्टाफ कम है. पाँच मिनट," मॅनेजर म्हणाले.

"सकाळपासून पाचच मिनिटं चाललीत, शेठ. चहा देऊ नका, पाणी देऊ नका, मेरेको सब चलेगा." काकांनी दोन्ही हात काउंटरवर टेकले. "पण तिची चादर तिने नाही घालायची!"

मॅनेजरना काय उमगलं देव जाणे, पण ते खुर्चीतून उठले. "सॉरी, अंकल," म्हणाले आणि कपाटातून दोन टॉवेल काढून स्वतः वर घेऊन आले. हंस काही त्यांना जमण्यासारखे नव्हते.

काकांनी मावशीच्या हातून चादर घेतली. "खुर्चीत बस."

"अहो, तुम्हाला नाही जमायचं."

"एवढाली मशिनं बसवलीत मी. चादर काय चीज आहे!"

चीज निघाली. हा कोपरा खोचला की तो कोपरा सुटायचा. वितीने मापून झालं, गुडघ्याने दाबून झालं, शेवटी स्क्रूड्रायव्हरने कड गादीखाली ढकलणं चालू झालं. वरचा मजला सोडून साफसफाईवाली बाई दारात तोंडाला पदर लावून हसत होती. मावशी दोनदा अर्धवट उठली, दोन्ही वेळा काका वळून न बघताच म्हणाले, "बस." तिसऱ्यांदा ती उठली नाही. हातांचं काय करावं ते न कळून तिने ते मांडीवर ठेवले आणि खुर्चीत मागे टेकली. चादर अखेर घातली गेली. मध्ये एवढाली घडी, एका बाजूने जमिनीला टेकलेली.

त्यांना जेवण आणून देऊन मी कामाला गेलो आणि तीनच्या सुमारास परत आलो. काका खोलीबाहेर स्टुलावर बसले होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," ते कुजबुजले. "दुपारची. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय."

मी शेजारी भिंतीला टेकून उभा राहिलो. दार हळूच किलकिलं करून त्यांनी आत पाहिलं. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "झोपेत किती लहान दिसते रे ती."