सरोजिनी नगरच्या अँगीठीविषयी खुलासा

पुण्याहून निघून मी लखनौच्या चारबाग स्थानकावर उतरलो, तेव्हा आभाळ भरलेले होते. पाऊस मात्र नव्हता. हे मुद्दाम नोंदवतो. आमच्या घराण्यात या प्रवासाची जी हकिकत सांगितली जाते, तिच्यात एका भुट्टेवालीची अँगीठी (कोळशाची शेगडी) विझते. कोणी म्हणते पावसाने विझली, कोणी म्हणते माझ्या भावाने विझवली. दोन्ही खोटे आहे.

माझा धाकटा भाऊ वसंत तेथे एका शेतकी संशोधन संस्थेत मक्यावर काम करीत असे. मेक्सिकोत दोन वर्षे काढून तो नुकताच परतला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला चौक दाखवला. तेथील चिकनकाम (कापडावरचे नाजूक भरतकाम) खरोखर पाहण्यासारखे आहे. गल्ल्या मात्र लोक सांगतात तितक्या अरुंद नाहीत. दोन रिक्षा भांडत का होईना, जातात. त्या गर्दीतही वसंत कणसांविषयीच बोलत होता. मेक्सिकोत म्हणे भाजलेल्या कणसाला साय फासतात, वर चीज कुसकरतात, तिखट भुरभुरवतात आणि लिंबू पिळतात.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही सरोजिनी नगरला त्याच्या घराजवळ, कानपूर रस्त्यावर गेलो. एसटीडी बूथच्या सावलीत फूलमती नावाची बाई भुट्टे (कणसे) भाजत बसे. वसंतने घरून वाटीभर मलई आणि थोडे पनीर आणले होते.

"भौजी, आज विलायती भुट्टा बनाते हैं," तो म्हणाला.

"बनाइए भैया, मगर जल्दी। अमौसी की शिफ्ट छूटने वाली है।"

अमौसी विमानतळावरील कामगार सायंकाळी सायकलींवरून परतत, आणि तीच तिची खरी विक्री होती. हे मी ऐकले होते. ऐकले नाही, असे मी म्हणणार नाही.

वसंत कणीस विस्तवावरून उतरवू लागला. मी त्याला थांबवले.

"साय आधी लावायची, मग भाजायचे. भरताच्या वांग्याला तेल कधी लावतात?"

"दादा, तिकडे भाजून झाल्यावर लावतात. मी पाहिलंय."

"तू दोन वर्षं पाहिलंस. मी साठ वर्षं कणसं भाजतोय."

असे म्हणून मी वाटी घेतली आणि निखाऱ्यांवरच्या कणसांवर उपडी केली. साय कणसांवर क्षणभरही टिकली नाही. ती थेट विस्तवात उतरली. मोठा चर्र आवाज उठला, राख उडाली, करपलेल्या दुधाचा वास रस्ताभर पसरला आणि निखारे काळे पडले.

फूलमतीने कपाळाला हात लावला नाही; ती हसली. "भट्ठी को मलाई पिलाइएगा, बाबूजी, तो सो ही जाएगी।"

तेवढ्यात पहिल्या सायकली दिसल्या. वसंत घाईने म्हणाला, "गलती हमारी है, भौजी।" मी काहीच बोललो नाही. गार शेगडी पाहून कामगार न थांबता निघून गेले. कोणी घंटी वाजवली, कोणी ओरडला, "आज छुट्टी है क्या?" तिचे हसू तेव्हा मावळले.

मी खाली बसलो. ओले कोळसे उपसले, कोरडे रचले आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागलो. "आप रहने दीजिए, बाबूजी," असे ती तीनदा म्हणाली. मी उठलो नाही. विस्तव फुलला, तोवर जेमतेम शेवटची दहा-बारा माणसे उरली होती. त्यांना मी स्वतः कणसे भाजून दिली. नंतर वसंतने आपल्या रीतीने दोन कणसे केली. उरलीसुरली साय वाटीला चिकटली होती, तेवढीच लावली. मी ती खाल्ली नाहीत, असे आमची चुलत वहिनी सांगते. मी दोन्ही खाल्ली. ती उत्तम होती.

परतल्यावर काही महिन्यांनी पुण्यात एका साखरपुड्याला सारे जमले असता वसंतने ही हकिकत सांगितली आणि साय ओतणारा म्हणून स्वतःला उभे केले. मंडळी पोट धरून हसली. "एवढा शास्त्रज्ञ, पण अक्कल नाही हो!" वहिनी म्हणाली. वसंत मान खाली घालून हसत राहिला.

मी उठून स्पष्ट सांगितले की, साय मी ओतली, तो मला अडवत असताना ओतली, आणि त्या बाईची सायंकाळ माझ्यामुळे बुडाली. मग काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "थोरला असावा तर असा!"

धाकट्याला मी पाठीशी घालतो आहे, असे सर्वांनी ठरवून टाकले. प्रत्यक्षात पाठीशी वसंतने मला घातले होते, आणि तेही भर रस्त्यात, माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता तेव्हा.